'शक्यतो' या शब्दाची किंमत

डोंबिवलीत 'लॉबी' म्हणजे इमारतीत लिफ्टसमोरची मोकळी जागा. तेथे टपालपेट्या असतात, रखवालदाराची खुर्ची असते आणि कोणाच्या तरी घरी न्यावयाचा नवा सोफा जिन्याला अडकून दोन दिवस पडलेला असतो. इंग्रजीत या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. राज्यकर्त्यांना त्यांच्या सभागृहाबाहेर गाठून आपले म्हणणे गळी उतरवणे, असा तो अर्थ. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. वृत्तपत्रे 'दबावगट' म्हणतात, पण त्यात आवाज चढल्याचा भास होतो. खऱ्या लॉबीत कोणी आवाज चढवत नाही. 'मनधरणी' म्हटले तर फार घरगुती होते. 'वशिला' जवळ जातो, पण वशिला एका माणसाचा असतो आणि लॉबी एका धंद्याची. शब्द नाही म्हणून व्यवहार नाही, असे मात्र नसते. या लेखात आम्ही तो व्यवहार फर्निचरच्या धंद्यापुरता पाहणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, याचे उत्तर पुढे एका क्रियाविशेषणात दडलेले आहे.

10 जानेवारी 2012 रोजी केंद्र सरकारने एक प्रसिद्धिपत्रक काढले आणि एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या परकीय कंपनीला भारतात शंभर टक्के मालकीने दुकान थाटण्याची मुभा दिली. मुभेला अट होती. परकीय मालकी 51 टक्क्यांहून अधिक असेल, तर विकल्या जाणाऱ्या मालाच्या किमान तीस टक्के मूल्याची खरेदी भारतातील लहान उद्योगांकडून, ग्रामोद्योग व कुटिरोद्योगांकडून, कारागिरांकडून व्हावी, अशी ती अट. लहान उद्योग कोणता तेही सांगितले होते: ज्याच्या यंत्रसामग्रीतील गुंतवणूक दहा लाख डॉलरच्या आत आहे तो. त्याच वर्षी जून महिन्यात आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने भारतात दीड अब्ज युरो गुंतवण्याची इच्छा जाहीर केली आणि या अटीबाबत आपल्या अडचणी सरकारपुढे मांडल्या. लहान उद्योगाला आपण मोठ्या मागण्या दिल्या की तो मोठा होणार, मग तो अटीत कसा बसणार, हा त्यातला एक युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

20 सप्टेंबर 2012 रोजी नवे पत्रक निघाले. तीस टक्क्यांचा आकडा तसाच राहिला. कारागीरही वाक्यात तसाच राहिला. फक्त त्याच्या आधी एक शब्द येऊन बसला, 'प्रेफरेबली'. खरेदी भारतातून होईल. आणि ती 'प्रेफरेबली' लहान उद्योगांकडून, कारागिरांकडून होईल.

आमच्या मते अलीकडच्या काळातील आर्थिक धोरणाच्या गद्यातले हे सर्वांत किमती क्रियाविशेषण आहे. आधीच्या वाक्यात कारागीर हा अटीचा भाग होता. त्याच्यावाचून दुकान उघडत नव्हते. नंतरच्या वाक्यात तो सदिच्छेचा भाग झाला. वाक्यातून त्याला कोणी हाकलले नाही, उलट त्याचा उल्लेख आदराने कायम ठेवला. त्याच्या नावातली सक्ती तेवढी काढून घेतली. येथे भाषांतराचीही एक गंमत आहे. शासकीय मराठीत या शब्दासाठी सहसा 'प्राधान्याने' वापरतात. 'कारागिरांकडून प्राधान्याने खरेदी करावी' हे वाक्य मराठी कानाला कारागिराच्या बाजूचे वाटते. जणू त्याला रांगेत पुढे उभे केले आहे. प्रत्यक्षात त्या जागी नेमका शब्द 'शक्यतो' हा आहे. 'शक्यतो येतो' असे सांगणारा पाहुणा येणार नाही, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. मे 2013 मध्ये गुंतवणुकीला मंत्रिमंडळ समितीची मान्यता मिळाली, ऑगस्ट 2018 मध्ये हैदराबादचे दुकान उघडले, 2019 मध्ये नियम आणखी सैल होऊन निर्यातीसाठी केलेली खरेदीही तीस टक्क्यांत धरली जाऊ लागली आणि 18 डिसेंबर 2020 रोजी तुर्भ्याचे दुकान सुरू झाले. तुर्भे ठाणे जिल्ह्यातच येते. कल्याणहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरली की अर्धा दिवस मोडून जाता येते, आणि लोक जातात. आम्हीही गेलो आहोत. खुर्च्या चांगल्या आहेत.

सरकार व लाकूड यांचे हे नाते 2012 मध्ये जन्मलेले नाही. ते जुने आहे, आणि त्यातला एक मोठा अध्याय मुंबईतच लिहिला गेला. 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. ब्रह्मदेशच्या राजाकडून सागवानाची जंगले मक्त्याने घ्यावयाची, ओंडके नदीतून खाली सोडावयाचे आणि बाजारात विकावयाचे, हा तिचा धंदा. 1885 मध्ये राजा थिबाच्या दरबाराने कंपनीवर ठपका ठेवला की तिने मोजणीपेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे कमी भरले. सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी सरकारदरबारी धावली. रंगून व लंडन येथील व्यापाऱ्यांचे संघ ब्रह्मदेश ताब्यात घ्या, असा लकडा आधीपासून लावून होतेच. फ्रेंचांचा प्रभाव वाढतो आहे, ही भीतीही हाताशी होती. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात फौजा इरावतीतून वर चढल्या, 28 तारखेला मंडाले पडले. 1 जानेवारी 1886 रोजी ब्रह्मदेशचे राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली. लढाईचे एकमेव कारण सागवान होते, असे कोणी जबाबदार इतिहासकार म्हणणार नाही. पण निमित्त सागवानाचे होते, आणि निमित्त वेळेवर हजर करणे हेच तर लॉबीचे काम. पदच्युत राजा आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला गेला. तेथेच 1916 मध्ये तो वारला. त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधलेला राजवाडा आपण शालेय सहलीत पाहतो, आणि अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या 2000 सालच्या कादंबरीमुळे ही कथा इंग्रजी वाचकांत पसरली. घरात 'बर्मा टीक'चे कपाट आहे असे अभिमानाने सांगणाऱ्या गिरगावच्या जुन्या कुटुंबांना या कपाटामागे एक राजधानी पडली आहे, याची जाणीव असतेच असे नाही.

आता त्याच 1885 साली आपल्या ठाणे जिल्ह्यात काय चालले होते ते पाहा. 1878 च्या वनकायद्यानंतर जंगलांभोवती सरकारी हद्दी पडत होत्या. भाताचे रोप टाकण्याआधी शेतकरी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राबासाठी झाडांचे शेंडे तोडावे लागतात. वनखात्याला ते नको होते. शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या, जमीनदारांच्या आणि लाकूडव्यापाऱ्यांच्या तक्रारी एकमेकींत मिसळून इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. मुंबई वनआयोग या नावाने तो ओळखला जातो. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला.

दोन्ही गाऱ्हाणी लाकडाची, दोन्ही एकाच साम्राज्यापुढे, एकाच वर्षी. कंपनीच्या गाऱ्हाण्याला काही महिन्यांत गनबोटी मिळाल्या. मुरबाड-शहापूरच्या राबाला दोन वर्षांनी अहवाल मिळाला. अहवाल वाईट नव्हता, असे म्हणतात. असेलही. पण राबणाऱ्या माणसाला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

हे आम्ही कोणाला रडवण्यासाठी लिहीत नाही. मराठी गद्याची परंपरा शिकवताना आपण एक मोठा धागा सोडून देतो, असे आमचे म्हणणे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपण शिकवतो ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून, किल्ल्यांच्या प्रकरणासाठी, भाषेच्या ठसक्यासाठी. आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी जे सांगितले आहे, ते वाचून वर्ग पुढे सरकतो. तेथे जहाजांना लागणारे सागवान राज्यातल्या जंगलातून रीतसर परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे आहे. आंबा-फणसासारखी झाडे उपयोगाची असली, तरी त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजबरी करू नये. राज्याच्या गरजेपुढे झाडाच्या धन्याची राजीखुशी ठेवणारे हे वाक्य धोरणाचे वाक्य आहे, आणि त्यात 'शक्यतो' नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले हे गद्य आणि 2012 चे पत्रक शेजारीशेजारी ठेवून वर्गात वाचले, तर शैलीविज्ञानाचा एक उत्तम तास होईल.

याच धाग्यावर पुढे जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' येतो. 1883 मधल्या त्या पुस्तकात जंगलखात्याने गावची चराऊ राने कशी गिळली, याचा संताप आहे. 1915 चा त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' येतो. त्यात सुतार आहे, बलुतेदार म्हणून. औतफाटा नीट ठेवायचा आणि सुगीला धान्य घ्यायचे, हा त्याचा करार. करारात तो तोट्यात होता की फायद्यात, यावर वाद होऊ शकेल. तो करारातला एक पक्ष होता, यावर नाही. (आत्रे बलुतेदारांवर फार मेहेरनजर ठेवणारे लेखक नव्हेत, हे येथे नमूद करून ठेवतो. विद्यार्थी 'गावगाडा' न वाचताच त्याला ग्रामगौरवाचे पुस्तक समजतात.)

सुतार आज कोठे आहे? कल्याण-डोंबिवलीपुरते उत्तर देता येईल. आपल्या जुन्या घरांत फर्निचर नावाची वस्तू फारशी नव्हतीच. पाट, चौरंग, देव्हारा, फडताळ, एखादी बाज, ऐपत असेल तर झोपाळा. 'फर्निचर' हा शब्द फ्लॅटबरोबर आला. फ्लॅटचा ताबा मिळाला की राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेले दोन-तीन मिस्त्री महिनाभर घरातच मुक्काम ठोकतात. प्लाय, सनमायका, फेविकॉल यांचा वास जिन्यात पसरतो; रंधा, पटाशी, करवत यांच्या जोडीला विजेची कटर किंचाळते; दुपारच्या झोपेवरून शेजाऱ्यांशी खटके उडतात. महिन्याने कपाट, पलंग, टीव्हीचा कट्टा तयार होतो आणि माणसे पुढच्या इमारतीत जातात. त्यांच्याकडे दुकान नसते, पाटी नसते, बहुतेकांकडे पावतीपुस्तकही नसते. ज्यांना इतका खर्च झेपत नाही, ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जातात. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले, 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि घरदार गमावलेल्या लोकांनी दुसऱ्यांची घरे भरण्याचा धंदा उभारला. आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांतले कपाट व पलंग टेम्पोत बसून तेथूनच आले आहेत.

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला सरकारशी बोलता येते. त्याची संघटना असते, नगरसेवक ओळखीचा असतो, रस्तारुंदी निघाली की शटर ओढून बंद पाळता येतो. तेथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी 2006 मध्ये विधिमंडळाने केवळ त्या एका शहरापुरता कायदा केला, एवढे त्या शहराच्या आवाजाचे वजन. ठाण्यात 'टिसा' आहे, डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात 'कामा' आहे. लघुउद्योजकांच्या या संघटना वीजदरापासून सांडपाण्यापर्यंत निवेदने देत असतात. फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रीला यांपैकी कशातही जागा नाही. तो उद्योजक नाही, कामगार म्हणून कोणाच्या हजेरीपटावर नाही, आणि येथला मतदारही बहुधा नाही.

याचे परिणाम करांत आणि नियमांत दिसतात. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा लाकडी फर्निचर आणि प्लायवूड यांवर 28 टक्के कर होता, म्हणजे चैनीच्या मालाच्या पंगतीत. साडेचार महिन्यांत, गुवाहाटीच्या बैठकीनंतर, तो 18 टक्क्यांवर आला. इतक्या लवकर निर्णय फिरला, तो व्यापाऱ्यांच्या व छोट्या उत्पादकांच्या देशभरातील निवेदनांमुळे व गाऱ्हाण्यांमुळे. निवडणुकांची हवाही होती. हे चांगले झाले. लॉबी म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो. सप्टेंबर 2025 मध्ये बांबूच्या व वेताच्या फर्निचरवरील कर पाच टक्के झाला, लाकडी मात्र अठरावरच राहिले. बांबूची बाजू मांडणारी मंडळी गेली काही वर्षे दिल्लीत आणि मुंबईत हिरिरीने बोलत आहेत. त्यांचा मुद्दा खरा आहे. पण सुताराच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण गुणवत्तेचे. 2025 च्या फेब्रुवारीत केंद्राने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. खुर्च्या, टेबले, कपाटे, पलंग यांनी भारतीय मानकांत बसावे, त्यांवर प्रमाणचिन्ह असावे, असा त्याचा आशय. अंमलाची तारीख 13 फेब्रुवारी 2026 अशी घातली. अतिलहान उद्योगांना सवलतही ठेवली. मानक असण्याला आमचा विरोध नाही. लहान मुलांच्या अंगावर कपाट कलंडते तेव्हा मानकाचे महत्त्व कळते. पण अशा आदेशाचा मसुदा कोणत्या भाषेत असतो, त्यावर सूचना कोण पाठवतो आणि सवलत मिळवण्यासाठी आधी कोणत्या संकेतस्थळावर नोंद असावी लागते, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. चाचणीची प्रयोगशाळा ज्याला परवडते, त्याला मानक ही भिंत वाटत नाही, कुंपण वाटते. आणि कुंपणाच्या आतल्या माणसाला कुंपण आवडतेच.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. लोकशाहीत प्रत्येकाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, कंपनीलाही आहे, मग तक्रार कशाची? डिसेंबर 2012 मध्ये वॉलमार्टने अमेरिकेत दाखल केलेल्या लॉबिंगच्या खर्चाच्या विवरणांत भारताचा उल्लेख निघाला आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला. निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली गेली. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने हा खर्च नोंदवावा लागतो, म्हणून तो उघड झाला. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे लॉबी नाही, असे आपण म्हणू शकतो ते नोंदवही नाही म्हणून. आमची तक्रार म्हणणे मांडण्याविषयी नाही. ते गुपचूप आणि एकाच भाषेत मांडले जाते, याविषयी आहे.

भाषेचा मुद्दा आमच्या अखत्यारीतला, म्हणून त्यावर थोडे थांबतो. केंद्र सरकारने 5 फेब्रुवारी 2014 रोजी ठरवले की कायद्यांचे व नियमांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावेत. जून 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतरित करण्यास सांगितले. हे अपवाद म्हणून घडले. रीत म्हणून घडावयास हवे. फर्निचरविषयीचा मसुदा मराठीत आणि हिंदीत आला असता, तर मिस्त्रीने लगेच सूचना लिहून पाठवल्या असत्या, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण त्या इमारतीत राहणारी, मराठी घेऊन पदवीला बसलेली एखादी मुलगी त्याला तो वाचून दाखवू शकली असती. दुपारच्या चहाला, भुशाच्या ढिगाशेजारी. आज ती शक्यताच नाही.

आमच्या विद्यापीठांत उपयोजित मराठीचा अभ्यासक्रम आहे. त्यात अर्ज आहे, निवेदन आहे, इतिवृत्त आहे. विद्यार्थी पाणीपुरवठ्यासाठी, बसथांब्यासाठी, पथदिव्यासाठी निवेदन लिहितात. 'महोदय' पासून 'कळावे' पर्यंतचा साचा त्यांना पाठ असतो आणि गुण मिळतात. धोरणाचे पत्रक वाचून त्यातला एखादा शब्द बदलून मागणारे निवेदन आम्ही आजवर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेले नाही. बड्या कंपन्यांचे वकील नेमके हेच करतात, त्यासाठी भरघोस मानधन घेतात. या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत आम्ही दोन पत्रकांतली ती दोन वाक्ये मराठीत देऊन फरक विचारला. निम्म्यांहून अधिक मुलांनी लिहिले की दुसरे वाक्य कारागिरांच्या अधिक हिताचे आहे, कारण त्यात त्यांना प्राधान्य दिले आहे. प्रश्नात आम्ही मुद्दामच 'प्राधान्याने' हा शासकीय शब्द ठेवला होता. पुढच्या वर्षी 'शक्यतो' ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत.